इंद्रधनुष्य कळलं की त्यातलं काव्य जातं का? (कीट्स, न्यूटन आणि आपले बालकवी)

लोलक

२८ डिसेंबर १८१७. लंडनमध्ये बेंजामिन हेडन या चित्रकाराकडे जेवायला कवी वर्ड्सवर्थ, निबंधकार चार्ल्स लॅम आणि बावीस वर्षांचा कवी जॉन कीट्स जमले होते. खोलीत हेडनचं अवाढव्य, अजून अपुरं चित्र होतं: येशूचा जेरुसलेमप्रवेश. त्यातल्या गर्दीत हेडनने न्यूटनचाही चेहरा घातला होता. लॅमने त्यावरून हेडनला धारेवर धरलं. त्रिकोणाच्या तीन बाजूंइतकं स्वच्छ दिसल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस इथे कशाला? कीट्सने री ओढली. याने इंद्रधनुष्याला लोलकातल्या रंगांवर आणून ठेवलं आणि त्यातलं सगळं काव्य घालवलं! मग पेले उंचावले गेले: न्यूटनला आयुरारोग्य लाभो आणि गणिताचा बोजवारा उडो.

दीड-दोन वर्षांनी कीट्सने 'लेमिया' ही दीर्घ कविता लिहिली, त्यात हेच दुखणं पुन्हा आलं. इंद्रधनुष्य एकेकाळी आकाशात धाक वाटावा असं होतं, आता त्याचा धागान् धागा आम्हाला ठाऊक झालाय आणि ते रोजच्या वस्तूंच्या नीरस यादीत जाऊन बसलंय. विज्ञान देवदूताचे पंख छाटेल, इंद्रधनुष्य उसवून टाकेल.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि कविता वाचते. मला कीट्सचं दुखणं खरं वाटतं, पण त्याने केलेलं निदान पटत नाही. दुखणं खरं, कारण ते माझ्या वर्गात रोज दिसतं. 'अपवर्तन, अपस्करण, आंतरिक परावर्तन, पुन्हा अपवर्तन' एवढं लिहिलं की गुण मिळतात, त्यामुळे मुलं एवढंच लिहितात. बाहेर खरंच कमान उभी असली तरी मान वळत नाही. पण याचा दोष न्यूटनला कसा देणार? तो अंधाऱ्या खोलीत लोलकातून भिंतीवर पडलेल्या रंगांकडे बघत बसला तेव्हा त्याला ते रंग नीरस वाटले असतील, हे मला शक्यच वाटत नाही.

तुमचा अनुभव काय? एखादी गोष्ट 'कशी होते' हे कळल्यावर तिचं नवल ओसरलं की वाढलं?

वाटसरू

ओसरलं. चंद्रग्रहण हे माझं उदाहरण. लहानपणी आमच्या वाड्यात ग्रहण लागलं की सगळे गप्प व्हायचे, आजी जपाला बसायची, 'दे दान सुटे गिराण' ओरडत माणसं रस्त्याने जायची. आकाशात काहीतरी घडतंय आणि त्याचा आपल्याशी संबंध आहे, असं वाटायचं. आता पृथ्वीची सावली आहे हे माहीत आहे. मी गच्चीत जाऊन दोन मिनिटं बघतो आणि खाली येतो. अंधश्रद्धा जायला हवी होती, ती गेली, बरं झालं. पण सोबत काहीच गेलं नाही असं म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं.

दुपारचं_ऊन

गणिताचा बोजवारा उडो या ठरावाला आमच्या दहावी 'ब'चा एकमताने पाठिंबा मिळाला असता. :)

मृद्गंध

लोलकताई, शीर्षकात बालकवींचं नाव आहे आणि लेखात ते कुठेच नाहीत, म्हणून मी आणते. 'श्रावणमासी' सगळ्यांना पाठ असते आणि म्हणूनच ती कुणी नीट वाचत नाही.

वरती बघता इंद्रधनूचा गोफ दुहेरी विणलासे,
मंगल तोरण काय बांधले नभोमंडपी कुणी भासे!

'दुहेरी' या शब्दावर थांबा. मी शाळेत असताना मला तो यमकासाठी घातलेला वाटायचा. पण दुहेरी इंद्रधनुष्य खरंच दिसतं. हा माणूस वर बघून लिहीत होता! आणि दुसऱ्या ओळीतलं 'कुणी' आणि 'भासे' बघा. तोरण बांधणारा कोण, हे ते सांगत नाहीत. कुणीतरी बांधल्यासारखं वाटतं, एवढंच. त्या काळी घराघरांत देवाचं नाव सहज ओठावर असायचं आणि बालकवी तर अहमदनगरला, ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिलेले, म्हणजे श्रद्धेच्या दोन परंपरा जवळून पाहिलेले. तरी कवितेत ती जागा त्यांनी मोकळी सोडली.

कीट्सला धनुष्य उसवल्याचं दुःख आणि आमच्या कवीला ते विणलेलं दिसतं. शंभर वर्षांच्या आत, न्यूटन शाळेत शिकवला जात असताना.

लोलक

मृद्गंध, नाव घातलं ते याचसाठी, कुणीतरी त्या ओळी आणेल याची खात्री होती.

तुम्ही 'दुहेरी'वर थांबलात, मी पुढच्या ओळींवर थांबते. लगेच पुढे येतं, 'झालासा सूर्यास्त वाटतो, सांज अहाहा! तो उघडे, तरुशिखरांवर, उंच घरांवर पिवळे पिवळे ऊन पडे.' जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसायचं तर सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा खाली हवा. त्याहून वर असला तर कमान क्षितिजाखाली जाते. म्हणजे श्रावणात भर दुपारी कितीही ऊन-पाऊस खेळला तरी समोर कमान नाही. ती सकाळी किंवा संध्याकाळी. बालकवींच्या कवितेत कमान दिसते आणि तिच्या पाठोपाठ झाडांच्या शेंड्यांवर उतरतं पिवळं ऊन येतं. भूमिती बिनचूक आहे.

दुहेरीचंही सांगते. आतली कमान पाण्याच्या थेंबात एकदा परावर्तन होऊन येते, साधारण ४२ अंशांवर. बाहेरची दोनदा परावर्तन होऊन, साधारण ५१ अंशांवर, म्हणून फिकी, आणि तिचे रंग उलटे. आतल्या कमानीत तांबडा बाहेरच्या कडेला, बाहेरच्या कमानीत तांबडा आतल्या कडेला. दोन तांबड्यांच्या मधला आकाशाचा पट्टा आजूबाजूपेक्षा काळसर दिसतो. दुहेरी कमान पाहिलेल्या कितीजणांनी तो काळा पट्टा पाहिलाय? मला स्वतःला तो पुस्तकात वाचेपर्यंत कधी दिसला नव्हता. वाचल्यावर दिसला, आणि आता आधी तोच दिसतो. माझं मत यावर उभं आहे.

वाटसरू

पण ताई, आता आधी काळा पट्टा दिसतो म्हणजे तोरण दिसायचं राहिलं ना? मी तेच म्हणतोय.

लोलक

राहिलं नाही. दोन्ही दिसतात.

सिस्टर_इन_चार्ज

मी कवितेची जाणकार नाही, इंग्रजी कवींपैकी कॉलेजात फक्त कीट्स वाचला, पण तो मनात राहिला तो त्याच्या शिक्षणामुळे. 'विज्ञानाला घाबरणारा कवी' असं चित्र इथे उभं राहतंय, म्हणून लिहिते.

कीट्स आमच्या क्षेत्रातला. पोरवयातच एका सर्जन-अपोथेकरीकडे (शस्त्रक्रिया करणारा आणि औषधं देणारा) उमेदवारी केली, मग १८१५ पासून लंडनच्या गायज हॉस्पिटलात शिकला, तिथे ड्रेसर होता. म्हणजे जखमा बांधणं, शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाताखाली उभं राहणं. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती, ईथर यायला अजून तीस वर्षं होती. १८१६ मध्ये त्याने परवाना मिळवला आणि लवकरच ते काम सोडून कवितेकडे गेला. माणसाचं शरीर उघडलेलं त्याने पाहिलं होतं. 'उसवणं' हा शब्द त्याच्याकडून येतो तेव्हा मला त्यात टाके दिसतात.

आणि त्याचं मरण. ३ फेब्रुवारी १८२०च्या रात्री थंडीत उघड्या गाडीतून घरी आला, अंथरुणात शिरताना खोकला आला आणि चादरीवर रक्ताचा थेंब पडला. मित्राला म्हणाला, मेणबत्ती आण, मला हे रक्त बघू दे. बघितलं आणि शांतपणे म्हणाला, हा रंग मी ओळखतो, हे धमनीतलं रक्त आहे, हा थेंब म्हणजे माझ्या मरणाचं फर्मान. त्याचा धाकटा भाऊ क्षयानेच गेला होता, त्याची शुश्रूषा यानेच केली होती. एक वर्षाने, २३ फेब्रुवारी १८२१ ला रोममध्ये तो गेला. वय पंचवीस.

क्षयाच्या वॉर्डात मी ड्यूटी केली आहे. लाल रंगात काय लिहिलंय हे ज्याला वाचता येतं, त्याला ज्ञानाचा गारवा काय असतो हे बरोबर कळतं. तो न्यूटनवर रागावला असेल तर अडाणीपणाने नक्कीच नाही.

मृद्गंध

सिस्टर, अंगावर काटा आला.

शेंडेनक्षत्र_साताराकर

सिस्टर यांच्या प्रतिसादाला जोडून. कीट्सला शाळेत बक्षीस म्हणून खगोलशास्त्राचं पुस्तक मिळालं होतं, बॉनिकॅसलचं. १८१६ मध्ये, म्हणजे हेडनकडच्या जेवणाच्या आदल्या वर्षी, त्याने होमरचं भाषांतर रात्रभर वाचून एक सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहिलं. त्यात आपला आनंद सांगायला त्याने काय आणलं? आकाशाचा पहारेकरी दुर्बिणीतून बघतोय आणि त्याच्या नजरेत एक नवा ग्रह पोहत येतो. हर्शेलने १३ मार्च १७८१ ला युरेनस शोधला होता, कीट्स जन्मायच्या चौदा वर्षं आधी. कवितेच्या आनंदाचं माप काढायला त्याला विज्ञानातला आनंद घ्यावा लागला. या मुलाला विज्ञानाचा शत्रू कसं म्हणायचं?

वाटसरू, ग्रहणाबद्दल एक विनंती. पुढच्या खग्रास चंद्रग्रहणाला दोन मिनिटांत खाली येऊ नका. सावलीची कडा गोल असते, ती बघा. पृथ्वी गोल आहे हे अ‍ॅरिस्टॉटलने त्या कडेवरून सांगितलं होतं. आणि चंद्र पूर्ण झाकला की तांबूस होतो, तो रंग त्या क्षणी पृथ्वीच्या कडेकडेने चाललेल्या सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा असतो. तुमच्या आजींना वाटायचं की आकाशातल्या घडामोडीचा आपल्याशी संबंध आहे. आहेच की.

वाटसरू

हे सूर्यास्तांचं मला माहीत नव्हतं. बघेन.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. वर्ड्सवर्थचं एक सुनीत आहे, त्यात तो म्हणतो की या जगाच्या देण्याघेण्यात आपण आपली शक्ती उधळली, निसर्गात आपलं म्हणावं असं काही उरलं नाही. त्यापेक्षा मी एखाद्या जुन्या, मोडीत निघालेल्या धर्मात वाढलो असतो तर बरं होतं, निदान या हिरवळीवर उभं राहून समुद्रातून देव वर येताना दिसला असता. हा कुणी साधा माणूस नाही, केंब्रिजला शिकलेला. त्यालाही हळहळ वाटली. समुद्रात देव नाही हे ठाऊक असलेल्या माणसाची हळहळ आहे ती. तुम्ही सगळे मिळून तिला अज्ञान ठरवू नका.

पसायदान

वाटसरूंच्या बाजूने आणि थोडं विरोधातही.

मी श्रद्धावान आहे, माळकरी घरातला. मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. न्यूटन म्हणजे विज्ञान आणि कीट्स म्हणजे श्रद्धा अशी वाटणी होतेय. वस्तुस्थिती उलटी होती. न्यूटन कमालीचा धार्मिक, त्याने बायबलवर आणि धर्मशास्त्रावर ढीगभर लिहून ठेवलंय. आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १७१३ मध्ये, ग्रहमालेची ही सुंदर रचना एका ज्ञानी आणि समर्थ सत्तेवाचून होणार नाही असं तो लिहितो. हेडन स्वतः निष्ठावान ख्रिस्ती. त्याने न्यूटनला त्या चित्रात घातलं ते श्रद्धावंतांच्या बाजूला, आणि फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरला खिल्ली उडवणारा म्हणून. कीट्सला मात्र चर्चच्या धर्मात गोडी नव्हती. म्हणजे त्या रात्री गणिताचा बोजवारा मागणारे कवी न्यूटनपेक्षा कमी धार्मिक होते!

श्रद्धेच्या बाजूने न्यूटनवर खरा हल्ला कुणी केला असेल तर कवी-चित्रकार ब्लेकने. 'एकेरी नजर आणि न्यूटनची झोप यांपासून देव आम्हाला वाचवो,' असं त्याने १८०२ च्या एका पत्रात लिहिलं. मला ही प्रार्थना मनापासून मान्य आहे. नजर एकेरी नको. माऊलींना विश्वात देव दिसला तेव्हा त्यांनी विश्व बघायचं थांबवलं नाही. ज्ञानेश्वरीतले दृष्टांत बघा: दिवा, पाणी, आरसा, मुंगी, कमळ. डोळे उघडे असल्याशिवाय एकही सुचला नसता.

टेम्सकाठी

पसायदान, ब्लेकचं एक चित्र आहे १७९५ चं, न्यूटनचंच. नग्न न्यूटन एका खडकावर बसून खाली वाकलाय आणि कंपासने कागदावर आकृती काढतोय. बघण्यासारखा आहे तो खडक. शेवाळ्याने, रंगांनी नुसता भरलेला, आणि न्यूटनची त्याच्याकडे पाठ. सगळा आरोप त्या पाठीत आहे.

त्या चित्रावरून केलेला भलाथोरला ब्राँझचा पुतळा इथे ब्रिटिश लायब्ररीच्या चौकात बसवलाय, एदुआर्दो पाओलोत्सीचा. मी अभ्यासाला जाताना त्याच्या समोरून जाते. ब्लेकने निषेध म्हणून काढलेली आकृती ज्ञानमंदिराच्या दारात स्वागताला, हे मला आधी विचित्र वाटायचं. आता वाटतं की बरोबर जागी आहे. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतोय, वाक, पण मागचा खडकही बघ.

मेघदूत_रामटेक

वैदर्भीय माणूस या धाग्यावर यायलाच हवा होता. तुम्ही सगळे १८१७ मध्ये अडकलात. कालिदासाने हा प्रश्न पंधराशे वर्षांपूर्वी सोडवून ठेवलाय आणि परंपरेप्रमाणे आमच्या रामटेकच्या टेकडीवर.

धूमज्योतिःसलिलमरुतां सन्निपातः क्व मेघः

मेघदूतातला पाचवा श्लोक. ढग म्हणजे काय, तर धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचं मिश्रण. असा ढग कुठे आणि समर्थ इंद्रियांच्या माणसांनी पोचवायचे निरोप कुठे! पण विरहाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा भेद उरत नाही, असं म्हणून पुढचं अख्खं काव्य त्याच ढगाशी बोलण्यात. ढग कशाचा बनलाय हे आधी सांगून टाकलं, मग त्याच्याकडे निरोप दिला. उकल आधी, काव्य नंतर, आणि उकलीमुळे काव्य जास्त काळजाला भिडतं, कारण यक्ष पाण्याच्या वाफेशी बोलतोय हे आपल्याला ठाऊक असतं.

हे मला शेलीच्या 'क्लाउड'मध्ये पुन्हा भेटलं. १८२० ची कविता, ढग स्वतःच बोलतो. मी पृथ्वीची आणि पाण्याची लेक, आकाशाने मला वाढवलं. समुद्राच्या आणि किनाऱ्यांच्या रंध्रांतून मी जातो, मी बदलतो पण मरत नाही. हे सगळं जलचक्र आहे हो! शाळेतल्या तक्त्यावर बाण काढलेलं. आणि शेली कोण, तर नास्तिकतेवरच्या पत्रकापायी १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकलेला मुलगा, खोलीत रसायनांच्या बाटल्या आणि विजेची यंत्रं घेऊन बसणारा. श्रद्धा नाही, विज्ञान आहे, आणि नवल काठोकाठ. पसायदान यांच्या घरात श्रद्धा आणि नवल, शेलीकडे विज्ञान आणि नवल. नवलाचं दोघांशीही जमतं असं दिसतंय.

आपल्या एस. चंद्रशेखर यांनी १९७५ मध्ये शिकागोत शेक्सपिअर, न्यूटन आणि बेथोव्हेन यांच्यावर भाषण दिलं, त्यात शेलीला मानाचं स्थान आहे. ताऱ्याच्या मरणाचं गणित मांडणाऱ्या माणसाला शेली जवळचा वाटला.

वाटसरू

कालिदासाचा मुद्दा जबरदस्त. याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. विचार करतो.

सह्यभटक्या

अवांतर वाटेल, पण आहे मुद्द्याचंच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या आसपास कधीतरी इंद्रवज्र दिसतं. सकाळचं ऊन पाठीशी, समोर दरीत धुकं, आणि धुक्यावर आपली सावली, तिच्या डोक्याभोवती गोल रंगीत कडं. १८३५ मध्ये कर्नल साइक्सने हरिश्चंद्रगडावरच्या अशा गोल धनुष्याची नोंद केली होती.

मला दिसलं तेव्हा आम्ही कड्यावर पालथे पडून खाली बघत होतो. धुकं वर चढलं आणि एकाएकी माझ्या सावलीभोवती कडं उमटलं. शेजारच्याला म्हटलं, माझ्या डोक्याभोवती बघ. तो म्हणाला, छे, माझ्या डोक्याभोवती आहे! दोघंही खरं बोलत होतो. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ते कडं असतं आणि तो बिंदू ज्याच्या त्याच्या डोळ्याचा वेगळा. त्यामुळे प्रत्येकाला फक्त स्वतःचीच प्रभावळ दिसते.

आता कवी कोलरिज. युरोपात हाच देखावा जर्मनीतल्या ब्रॉकन पर्वताच्या नावाने ओळखला जातो. १७९९ मध्ये तो त्यासाठी तिथे चढला, त्याला काही दिसलं नाही. पण नंतरच्या एका कवितेत त्याने तो वापरला. हिवाळ्यातल्या पहाटे एक लाकूडतोड्या धुक्यात समोर तेजोवलय असलेली आकृती बघतो, तिची पूजा करतो, तिच्या मागे जातो. ती आपलीच सावली आहे, हे त्याला माहीत नसतं. कवितेतलं सगळं दुःख त्या न माहीत असण्यात आहे. कवीला मात्र माहीत आहे, आणि म्हणूनच तो ती लिहू शकला. लोलकताईंच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

आणखी एक. सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत राहिला होता. तिथे त्याने ढगांवरची ही कडी पाहिली आणि वेड लागल्यासारखं त्याला वाटायला लागलं, हे प्रयोगशाळेत करायचं. काचेच्या भांड्यात ढग बनवता बनवता त्यातून मेघपेटी निघाली, जिच्यात अणूच्या आतले कण आपल्या वाटा आखून जाताना दिसले. १९२७ चं नोबेल. सुरुवात कुठे, तर कड्यावर उभं राहून 'अरे वा' म्हणण्यात.

दुपारचं_ऊन

म्हणजे इंद्रधनुष्यही ज्याचं त्याचं वेगळं? माझ्या बायकोला आणि मला दिसणारं एक नाही?

लोलक

नाही, एक नाही. तुमच्या डोळ्यात येणारा प्रकाश एका थेंबांच्या समूहातून येतो, त्यांच्या डोळ्यात दुसऱ्या. शेजारी उभे असाल तर फरक जाणवत नाही, इतकंच. तुम्ही चालायला लागलात की तुमची कमान तुमच्याबरोबर चालते.

दुपारचं_ऊन

हे घरात वाचून दाखवलं. 'माझी जास्त चांगली आहे' असं उत्तर मिळालं.

काणकोणकार

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहायलाच हवं. मृद्गंध यांनी 'गोफ दुहेरी विणलासे' लिहिलं आणि कीट्सचं 'उसवणं' शेजारी ठेवलं. आमच्याकडे गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात. वर एका जागी रंगीत दोऱ्या बांधलेल्या, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक. ढोलकं, घुमट, झांज सुरू झाली की एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरत ते दोऱ्या विणत जातात. वरपासून जाड, रंगीबेरंगी गोफ तयार होतो.

आणि मग नाच थांबत नाही! त्याच चालीत उलट्या पावलांनी तो गोफ पूर्ण उसवायचा असतो. दोऱ्या पुन्हा सुट्या झाल्या पाहिजेत, एकही गाठ राहता कामा नये. विणणं कुणालाही जमतं, उसवताना कस लागतो, कारण आत गेलेलं प्रत्येक पाऊल लक्षात असावं लागतं. मी लहान असताना एका जाणत्याने माझा हात धरून मला उलटी पावलं शिकवली, तेव्हा विणताना मी काय करत होतो ते पहिल्यांदा कळलं.

कीट्सने गोफ पाहिला असता तर उसवण्याला इतकं घाबरला नसता असं मला वाटतं.

मृद्गंध

काणकोणकार, सुंदर लिहिलंत. फक्त बालकवींच्या मनात नाच नसून विणलेला दोर असावा, ते खानदेश-नगरकडचे, तोरणाच्या ओळीशीही दोरच जुळतो.

काणकोणकार

असू शकेल. गोकुळाष्टमीला देशावरही गोफ नाचत असत असं ऐकून आहे. कविता त्यांची, पण वाचताना मला घुमट ऐकू येतं, त्याला इलाज नाही.

वाटसरू

विचार करून आलो. काणकोणकार यांच्या प्रतिसादाने माझा प्रश्न जरा जागेवर आला. ग्रहणाचं नवल माझ्यापुरतं गेलं ते सावली कळल्यामुळे नसावं. आजी गेली, वाडा पाडला, एकत्र गप्प बसणारी माणसं पांगली. वर्ड्सवर्थचं सुनीत पुन्हा वाचलं. तोही दोष देतो तो कमावण्या-उधळण्याला, त्यात दुर्बीण किंवा लोलक कुठेच नाही. तरीही माझं एवढं म्हणणं शिल्लक आहे: नुसती उकल सांगून तो गप्प बसण्याचा वेळ परत येत नाही. तो वेगळा काढावा लागतो, आणि शाळेत तो कुणी काढत नाही.

शेंडेनक्षत्र_साताराकर

वाटसरू, +१. वर्ड्सवर्थनेच 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाच्या १८०२ च्या प्रस्तावनेत लिहिलंय की रसायनशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ यांचे शोध आपल्या जगण्यात मुरले की ते कवितेचे विषय होतील आणि कवी शास्त्रज्ञाच्या बाजूने चालेल. त्याआधी, १८०० च्या आवृत्तीची मुद्रितं कुणी तपासली होती, माहीत आहे? हम्फ्री डेव्हीने. रसायनशास्त्रज्ञ! आणि कोलरिज त्याच डेव्हीच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा, आपल्याकडच्या प्रतिमांचा साठा वाढवायला. त्या पिढीत भिंती आपल्याला वाटतात तेवढ्या उंच नव्हत्या.

लोलक

वाटसरूंचं शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून या आठवड्यात वर्गात तेवढा वेळ काढला. शब्द आधी सांगितलेच नाहीत.

गोल बुडाच्या काचेच्या चंबूत पाणी भरलं. साधारण १३०० च्या सुमारास इराणात अल-फारिसी आणि जर्मनीत थिओडोरिक यांनी, एकमेकांना न ओळखता, पाण्याने भरलेल्या काचगोळ्याला पावसाचा एक थेंब मानून बघितलं होतं. आम्हीही तेच केलं. पांढऱ्या ड्रॉइंग शीटला मधोमध चंबूएवढं भोक पाडलं, शीट खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या वाटेत उभी धरली, भोकातून ऊन पलीकडच्या चंबूवर पडू दिलं. शीटच्या चंबूकडच्या बाजूला भोकाभोवती मोठं रंगीत वर्तुळ उमटलं. तांबडं बाहेर. चंबू जवळ आणला की वर्तुळ लहान, लांब नेला की मोठं, पण कोन तोच. एका मुलीने वर्तुळाची त्रिज्या आणि चंबूचं अंतर पट्टीने मोजून कोन काढला, तो ४० आणि ४४ च्या मध्ये आला. तिने पुन्हा मोजला. पुन्हा तिथेच. मग मागच्या बाकावरचा एकजण, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, मॅडम, एका थेंबात आख्खं वर्तुळ असतं तर मग आकाशात अर्धंच का दिसतं? त्याच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या मुलाने दिलं, जमीन आड येते म्हणून. मग मी शब्द सांगितले, फळ्यावर लिहिले आणि त्यांना ते हवे होते.

'श्रावणमासी' तासाच्या शेवटी वाचली. 'दुहेरी' आल्यावर त्यांनी दुसरं वर्तुळ शोधायला सुरुवात केली.

सिस्टर_इन_चार्ज

सापडलं का?

लोलक

अंदाज आला, नीट दिसलं नाही. खोली पुरेशी अंधारी नव्हती. पुढच्या वेळी खिडक्यांना काळा कागद लावून फक्त एक फट ठेवणार आहोत.

दुपारचं_ऊन

चंबू किती मिलीचा घ्यावा? घरी करायचंय, दोघांनाही बघायचंय.

लोलक

२५० मिलीचा पुरतो. काचेवर चरे नकोत, पाण्यात बुडबुडे नकोत. शीट चंबूपासून वीतभर अंतरावर धरा आणि सकाळी नऊच्या आत करा, खिडकीतून ऊन आडवं येतं तेव्हा.